शंभर मावळे आणि एक विळी

डिचोलीहून म्हापशावरून पेडण्याला जायचे तर स्कूटरवर तासभर तरी मोडतोच. गेल्या वर्षी परीक्षा संपल्यावरच्या पहिल्याच रविवारी आमचे चिरंजीव माझ्या मागे बसून, मांडीवर बुटांचा खोका सांभाळत हा प्रवास करून गेले. खोक्यात कापूस आणि कापसात सैन्य. पेडण्यात त्याच्या मित्राच्या घरी जाऊन खोका उघडला तर काय, साठ मावळ्यांपैकी तेवीस जणांचे भाले मोडलेले, चौघांची पागोटी निखळलेली आणि एक सरदार घोड्यावरून कायमचा पायउतार! लढाई सुरू व्हायच्या आधीच निम्मी फौज जायबंदी. पोरगा काही बोलला नाही. नुसता खोक्यात बघत बसला. परत येताना कोलवाळच्या पुलावर मागून आवाज आला, ‘‘बाबा, हे हलणार नाहीत असं काही करता येईल का?’’

ही लढाई म्हणजे काय ते आधी सांगायला हवे. टेबलावर किल्ला, नदी, झाडी मांडायची, दोन्हीकडे छोटे सैनिक उभे करायचे, फूटपट्टीने मोजून त्यांना पुढे सरकवायचे आणि फासे टाकून कोण पडला, कोण टिकला ते ठरवायचे. आपल्या सोंगट्या आणि बुद्धिबळ यांचे लग्न लावले तर जे मूल होईल, ते हे. प्रशियाच्या लष्करात १८२४ पासून अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी असाच खेळ वापरत. पुढे एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहून तो घरच्या दिवाणखान्यात आणला. आज विलायतेत त्याचा मोठा धंदा आहे. तिकडचा दहा सैनिकांचा एक खोका इथे मागवायचा तर काही हजारांची गोष्ट! मी मुलाला सांगितले, ‘‘एवढ्या पैशात तुझी वर्षभराची पुस्तकं-वह्या होतात.’’ तो हट्ट धरून बसला नाही, हे त्याचे चांगले.

मग त्याने आणि पेडण्याच्या मित्राने स्वतःच फौज उभी केली. जत्रेत पिशवीभर हिरवे प्लॅस्टिकचे सैनिक मिळतात ना, दोन-दोन इंचांचे, बंदुका घेतलेले? ते आणले. बंदुका कापल्या, पाइप बुजवायचे एम-सील मळून डोक्यांना पागोटी बांधली आणि भाले केले ते माडाच्या हिरांचे. घरातला अर्धा खराटा त्यात खर्ची पडला. फिरंग्यांना त्याच एम-सीलच्या टोप्या. साठ सावंतांचे, चाळीस पोर्तुगीजांचे, असे शंभर. मी बेळगावात शहापूरला वाढलो. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करायचा, त्यावर अळीव पेरायचे आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे उतारावर उभे करायचे, हे आमचे वर्षाचे मोठे काम. ते मावळेही रोज सकाळी पालथे पडलेले असत. गोव्यात दिवाळीला मुले नरकासुर करण्यात गुंतलेली असतात, त्यामुळे आमच्या पोराच्या वाट्याला किल्ला फक्त आजोळी-गावीच आला. ती हौस त्याने अशी भागवली म्हणायची.

लढाईही त्यांनी घराजवळचीच निवडली. पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठी हळर्णचा किल्ला आहे. तो सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. ५ मे १७४६ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो घेतला आणि त्या विजयापायी त्याला ‘आलोर्नाचा मार्क्विस’ असा किताब मिळाला. आपल्या हळर्णचे नाव पोर्तुगालच्या सरदार घराण्याला चिकटले ते असे. पेडणे तालुका पुरता पोर्तुगीजांकडे जायला पुढे १७८८ साल उजाडले, आमची डिचोली त्याआधीच १७८१ मध्ये गेली. पोरांना हे सगळे तोंडपाठ. अडचण एकच. फिरंगी व्हायला कोणीच तयार नसे. शेवटी नाणे उडवायचे ठरले.

असो. भाल्यांकडे वळू या. या खेळात दहा-दहा सैनिकांची तुकडी एकत्र हलवायची असते. एकेकाला उचलून ठेवत बसले तर एक डाव संपायला रात्र होईल. म्हणून तुकडीखाली एक छोटा ट्रे असतो, तो सरकवला की दहाही जण सरकतात. पण ट्रे जरा तिरका झाला की पहिल्या रांगेचे मावळे दुसऱ्या रांगेच्या अंगावर. यावर उपाय चुंबक. सैनिकाच्या पायाखाली चुंबक आणि ट्रे लोखंडी पत्र्याचा. हे मीच सुचवले. आमची अर्धी हयात लोखंडातच गेली आहे. डिचोली तालुक्यात खाणींच्या प्रयोगशाळेत मी मातीचा कस तपासायचे काम करत होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१८ च्या मार्चमध्ये खाणी थांबल्या, तसे तेही थांबले. आता झेरॉक्स आणि वह्या-पेनांचे छोटेसे दुकान आहे. तेव्हा जे करायचे ते कमी पैशात, हे वेगळे सांगायला नको. पण या कमी पैशाचीच मला पुढे लाज वाटायची पाळी आली. ते पुढे येईलच.

पाच मिलिमीटर रुंद, दोन मिलिमीटर जाड अशा बटणासारख्या चुंबकांचे शंभराचे पाकीट मागवले. चारशे रुपयांच्या आत पडले. हे निओडिमियमचे चुंबक. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा हा मिश्रधातू १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी तयार झाला. आपल्या लहानपणच्या लाल रंगाच्या नालाकृती चुंबकाला याच्यापुढे चुंबक म्हणवत नाही. दोन बटणे बोटाच्या दोन्ही बाजूंना धरा, मधून बोट असले तरी एकमेकांना सोडत नाहीत. मुलाने पहिल्याच दिवशी ते घरामागच्या लाल दगडाला लावून पाहिले. चिकटेना! ‘‘बाबा, ह्यात लोखंड आहे म्हणून तर तुमची खाण होती ना?’’ बरोबर होते त्याचे. पण आपल्याकडचा बहुतेक दगड हेमाटाइटचा. त्यात लोखंड भरपूर, तरी चुंबकाला तो जेमतेमच दाद देतो. मग त्याला पावसाच्या ओहोळात साचलेली काळी रेती दाखवली. तीत मॅग्नेटाइटचे कण असतात, ते चुंबकाला मिशा फुटल्यासारखे चिकटले. वर्षानुवर्षे जे मी कागदावर आकड्यांत लिहिले, ते त्याने पाच मिनिटांत हाताने पाहिले.

ट्रेसाठी गोड्या तेलाचा रिकामा डबा कापला. तेलाचा डबा म्हणजे कथिलाचा हात दिलेला लोखंडी पत्राच, चुंबक मस्त धरतो. सौ.च्या स्टीलच्या ताटांवरही प्रयोग झाला. तिची चांगली, जड ताटे चुंबकाला ओळखसुद्धा देत नव्हती आणि बाजारातली एक हलकी ताटली मात्र चटकन चिकटली. स्टीलस्टीलमध्ये फरक असतो. ‘‘माहेरची ताटं चांगली आहेत हे मी पंधरा वर्षं सांगत्येय,’’ अशी तिची टिप्पणी! खाली नुसता पत्रा असला की चुंबकाची कुठली बाजू वर हे बघावे लागत नाही. दोन्हीकडे चुंबक लावायचे म्हटले तर मात्र प्रत्येकावर पेनने खूण करून एकच बाजू राखायला हवी, नाहीतर एखादा मावळा ट्रेवर ठेवला की उडी मारून पळतो. पत्र्याच्या कापलेल्या कडा बोट कापतात आणि कोकणच्या हवेत आठवड्यात गंजतात. त्या कानशीने घासून वर नेलपॉलिशचा हात द्यावा. हे सगळे मी केले. नीट केले.

नीट केले नाही ते एकच. चिकटवणे. दोन नळ्यांतला, मिसळून लावायचा पक्का गोंद आणायचा तर शंभर सैनिकांना तीन-चार पाकिटे लागली असती. माझ्या दुकानात स्वस्तातल्या गोंदाच्या बाटल्या पडून होत्या. कागदाला चालतो, प्लॅस्टिकला का नाही चालणार? चुंबकावर निकेलचा गुळगुळीत मुलामा असतो, तो पॉलिशपेपरने खरवडल्याशिवाय कुठलाच गोंद धड धरत नाही, हे मला ठाऊक होते. शंभर वेळा कोण खरवडणार म्हणून तेही टाळले. दोन दिवसांत सगळे चिकटल्यासारखे दिसले. मी स्वतःवर खूश.

एप्रिलच्या शेवटी धारवाडहून सासूबाई, मेहुणा, त्याची बायको आणि त्यांची अडीच वर्षांची पोर सुट्टीला आली. आमच्या घरी तेव्हा तीन भाषा नांदत असतात. सौ. आणि तिच्या आईचे कन्नड, माझे बेळगावी मराठी आणि मुलगा दाराबाहेर पाऊल टाकले की कोकणी. त्याचे कन्नड तसे लंगडे. अज्जी त्याच्याशी बोलते ते त्याला कळते, उत्तर मराठीत देतो. भाचीला त्या मावळ्यांचे भारी वेड लागले. ‘‘गोंबी, गोंबी,’’ करत ती ट्रेभोवती फिरत राही. मुलगा तिला हात लावू देत नसे, पण दाखवायचा मात्र. ट्रे उलटा धरायचा, एकही मावळा पडायचा नाही, आणि ती टाळ्या पिटायची.

त्या रविवारी दुपारी जेवणे व्हायची होती. टेबलावर ट्रे मांडलेले. पाने घ्यायची म्हणून मी ते उचलून स्वयंपाकघरात ओट्यावर नेऊन ठेवले. घाईत होतो. जेवणे झाली, सगळे जरा लवंडले. चारच्या सुमाराला मुलगा ट्रे आवरायला गेला आणि तसाच दाराशी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात दोन मावळे होते. दोघांचेही पाय कोरे, गोंदाचा नुसता पांढरा गोल डाग.

‘‘बाबा, दोन चुंबक नाहीत.’’

मी म्हटले, असतील ओट्यावर. नव्हते. खाली नव्हते, केरात नव्हते, मोरीत नव्हते. भाची मात्र दुपारभर स्वयंपाकघरात अज्जीजवळच बसली होती, हे सगळ्यांना एकाच वेळी आठवले. तोवर घरात कन्नड, मराठी सगळे एकदम चालले होते. ते बंद झाले. सासूबाईंनी विचारले, ‘‘एल्लि होदवु?’’ कोणी उत्तर दिले नाही. मेहुण्याच्या बायकोने पोरीला उचलून तिच्या तोंडात बोट घातले. तोंडात काही नव्हते. पोर रडायला लागली.

एक चुंबक गिळला तर बहुधा आपसूक बाहेर पडतो. दोन असले की गोष्ट वेगळी. हे मला पाकिटावरच्या बारीक अक्षरांवरून अंधुक माहीत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी ते नीट समजावले तेव्हा पाय लटपटले. आतडे वेटोळ्यांचे असते. एक चुंबक एका वेटोळ्यात, दुसरा दुसऱ्यात, आणि मध्ये आतड्याच्या दोन भिंती. बोटाला जसे धरतात तसेच ते तिथेही एकमेकांना ओढून धरतात. मधल्या भिंतींचा रक्तपुरवठा तुटतो, त्या जागी भोक पडते. आणि वरून दिसते काय? साधी पोटदुखी, एखादी उलटी. आईबाप उन्हाळी समजून ओवा देत बसतात. म्हणून नुसता संशय असला तरी थांबायचे नाही, उलटी काढायला बघायचे नाही, काही खायला-प्यायला न देता सरळ एक्स-रेची सोय असलेल्या इस्पितळात जायचे. अमेरिकेत असे जोरदार सुटे चुंबक खेळणे म्हणून विकण्यावर २०२२ मध्ये कडक नियम आला, तो अशाच मुलांपायी. मोठ्यांच्या छंदाच्या वस्तू म्हणून ते मिळतच राहतात, आणि मोठ्यांच्या घरात लहान मुले असतातच.

एक्स-रे निघेपर्यंत बाकावर बसलो होतो. मी, मेहुणा आणि मधे एक जागा रिकामी. तो माझ्याशी एक शब्द वाकडा बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते. मी मात्र निघताना अंगणात मुलावर ओरडून आलो होतो, ‘‘तुला शंभरदा सांगितलं होतं, पसारा ठेवू नको म्हणून!’’ ट्रे ओट्यावर मी ठेवले होते. गोंद मी लावला होता. तो पोरगा गेटाला धरून उभा राहिला ते चित्र काही डोळ्यांपुढून हलेना.

एक्स-रेत काही नव्हते. डॉक्टरांनी फिल्म दिव्यापुढे धरून दोनदा दाखवली. पोट स्वच्छ. तरी रात्रभर लक्ष ठेवा म्हणाले. घरी आलो तर सासूबाई देवापुढे बसलेल्या आणि मुलगा एकेक मावळा उचलून त्याचे पाय तपासत होता. अठ्ठ्याण्णव. पुन्हा मोजले, अठ्ठ्याण्णव. त्या रात्री कोणी नीट जेवले नाही. भाची तेवढी दहीभात खाऊन ढाराढूर झोपली.

सकाळी सहा वाजता स्वयंपाकघरातून हाक आली. ‘‘सिक्कवु! सिक्कवु!’’ आम्ही सगळे धावलो. सासूबाईंच्या हातात विळी होती. धारवाडची ईळिगे म्हणा, गोव्याची आदोळी म्हणा, तीच. नारळ खवायला म्हणून त्यांनी पाते उघडले तर पात्याच्या आतल्या बाजूला, मुळाशी, दोन्ही चुंबक एकावर एक बसलेले! आदल्या दिवशी मी ट्रे ठेवले ते ओट्यावर पाते मिटून ठेवलेल्या विळीला टेकवून. एवढे मोठे लोखंड शेजारी मिळाल्यावर माझ्या फुकटच्या गोंदाची काय बिशाद! मावळे पत्र्यावर राहिले, चुंबक विळीकडे गेले. आम्ही काल घर उलथेपालथे केले, पण विळी उघडून बघायचे कोणाच्या डोक्यात आले नाही. सौ.ने विचारले, ‘‘एरडू?’’ आईने मान डोलावली, ‘‘एरडू.’’ मग दोघी मायलेकी ओट्यापाशी उभ्या राहून रडल्या. मी मुलाच्या खोलीत गेलो. तो जागाच होता. मी म्हटले, चूक माझी होती. तो म्हणाला, ‘‘माहीत आहे.’’

सौ.चा निकाल तिथल्या तिथे लागला. सगळे चुंबक घराबाहेर. मुलानेही वाद घातला नाही, खोका आणून तिच्यापुढे ठेवला. मला वाटले, संपले. पण सासूबाई चहा घेत खोक्याकडे बघत होत्या. त्यांनी लेकीला विचारले, ‘‘फ्रिजिन बागिलिगे एनु हच्चिरतार?’’ फ्रिजच्या दाराला काय लावलेले असते? तेही चिकटतेच की. ते पोरांनी कधी गिळलेले ऐकले नाही!

बाई चौथी शिकलेल्या. पण मला प्रयोगशाळेत इतकी वर्षे काढून जे सुचले नाही, ते त्यांना सुचले. फ्रिजच्या दाराभोवती रबराची जी मऊ पट्टी असते, तिच्या पोटात चुंबकाची एक लवचिक फीत असते. ती रबरात चुंबकाची भुकटी कालवून केलेली असते. तिचा जोर निओडिमियमच्या पासंगाला पुरत नाही, पण तुकड्याचे बटण होत नाही आणि ती काही आतड्यातून एकमेकींना धरणार नाही. भंगारवाल्याकडे, नाहीतर फ्रिजदुरुस्तीच्या दुकानात, जुन्या दाराची अशी पट्टी पडलेली असते. मला ती तीस रुपयांत मिळाली. एका दाराची फीत साडेतीन मीटरच्या आसपास भरते. रबर ब्लेडने चिरले की काळी फीत सुतासारखी ओढून काढता येते.

मग सगळी रचना उलटी केली. चुंबक ट्रेमध्ये आणि लोखंड सैनिकाच्या पायाला. नटबोल्टच्या दुकानात लोखंडी वायसर वजनावर मिळतात. शंभर वायसर मूठभर चिल्लरीत आले. ट्रे सुताराकडच्या सनमायकाच्या तुकड्यांचे, पाच इंच लांब, दोन इंच रुंद. त्यावर फितीचे दोन पट्टे लांबीत चिकटवले. दहा ट्रेना अडीच मीटर फीत लागली. फितीची कधी कधी एकच बाजू चांगली ओढते, म्हणून चिकटवण्याआधी दोन्ही बाजू वायसरला लावून बघायच्या. पितळेचा किंवा अल्युमिनियमचा वायसर आला तर दुकानातच बाजूला काढायचा. त्यासाठी जुने एक चुंबक मी खिशातून घेऊन गेलो होतो, घरी न सांगता! प्लॅस्टिकचा मावळा हलका, त्याला हे बळ पुरते. घोडेस्वाराला दोन वायसर लागतात. मातीचे किंवा ओतीव धातूचे सैनिक असतील तर मात्र फीत पुरणार नाही.

आणि गोंद? या वेळी दोन नळ्यांचाच आणला. वायसर पॉलिशपेपरवर घासले, सैनिकांचे पायही घासले. घासायच्या कामाला मेहुणा बसला. चोवीस तास कशाला हात लावायचा नाही असा हुकूम सासूबाईंनी काढला आणि स्वतः खुर्ची टाकून राखण केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेक मावळा चिमटीत धरून वायसर उपटायचा प्रयत्न केला. तीन निघाले. ते पुन्हा लावले. शेवटी ट्रे उलटा धरून दहापर्यंत मोजायचे. मुलगा मराठीत मोजू लागला तेव्हा अज्जीने थांबवले, कन्नडमध्ये मोज म्हणून. ओंदु, एरडु करत तो सातापर्यंत आला आणि अडखळला. ‘एंटु’ भाचीने सांगितले!

मेच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पेडण्याला गेलो. या वेळी बुटांच्या खोक्याऐवजी बिस्किटांचा चौकोनी डबा, त्यात ट्रे एकावर एक, मध्ये पुठ्ठा. म्हापशाच्या पुढे मी एक खड्डा चुकवता चुकवता त्यातच घातला. मागून एक शब्द आला नाही. पेडण्यात डबा उघडला तर शंभरच्या शंभर उभे. एका भाल्याचे टोक वाकले होते, तेवढेच. आदल्या दिवशी दोन्ही पोरे हळर्णला जाऊन किल्ला पावलांनी मोजून आली होती. त्यामुळे टेबलावरच्या थर्माकोलच्या तटावर वाद झाला नाही. नाणे उडवले, आमच्याकडे फिरंगी आले. चिरंजीवांचे तोंड बघण्यासारखे झाले. डाव चार तास चालला. १७४६ मध्ये जे झाले ते या वेळी झाले नाही, सावंतांनी किल्ला राखला आणि आमचा मार्क्विस नदीत ढकलला गेला. हरूनही पोरगा खूश दिसला. ट्रे सरकवताना एकदाही कोणी पडले नाही, हे त्याने मित्राला तीनदा तरी दाखवले असेल.

ते शंभर चुंबक आम्ही फेकले नाहीत. केरात टाकले तर ते कुणा दुसऱ्याच्या पोराच्या हाती लागायचे. सगळे एकावर एक रचून एक कांडी केली. दोन मिलिमीटरचा एक, म्हणजे शंभरांची बरोबर वीस सेंटिमीटर. फूटपट्टी लावली की मोजणी झाली. एकही कमी असला तर लगेच दिसतो. ती कांडी घट्ट झाकणाच्या डब्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर कुलपात आहे. चावी सौ.कडे.

सासूबाई धारवाडला परतल्या, पण आठवड्यातून एकदा फोन येतोच. लेकीशी बोलणे झाले की नातवाला बोलावतात आणि विचारतात, ‘‘एष्टु?’’ तो फूटपट्टी घेऊन आईकडे चावी मागायला जातो, डबा उतरवतो, कांडी मोजतो आणि फोनवर येऊन सांगतो, ‘‘नूरु, अज्जी.’’ आता त्याला घोडदळ हवे आहे. वीस घोडे. फ्रिजदुरुस्तीवाल्याला मी सांगून ठेवले आहे.